पायाखाली थरथरणारा ब्रेक



"अगं, घाबरलीस का? पाय थरथरतोय तुझा," सासूबाई शेजारच्या सीटवरून म्हणाल्या.

मी घाबरले नव्हते. थरथरत होता तो ब्रेक.

कोल्हापूरहून, माझ्या माहेराहून, आम्ही मालवणला परतत होतो. दाजीपूर मागे पडलं, फोंडा घाट सुरू झाला. सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवायचं म्हणून मी जरा घाईतच होते. मोठ्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल पायाला उलटं ढकलायला लागलं. धक्, धक्, धक्. गाडी मंदावली तसे धक्केही मंदावले. उरलेला घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत उतरवला. घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. सासूबाई त्या रात्री न जेवताच झोपल्या, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मला मात्र झोप लागेना. कारण ही थरथर मला पंधरा दिवसांपासून जाणवत होती. "जुनी गाडी, चालायचंच," म्हणून मी ती सोडून दिली होती. दोन महिन्यांपूर्वी असंच झालं, तेव्हा एका गॅरेजमध्ये ब्रेकचे पॅड बदलून घेतले होते. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता तिथे विचारलं तर म्हणाले, पुढचं-मागचं सगळंच बदला.

सगळं बदलण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते तरी पाहू, असं ठरवलं. सकाळी रिकाम्या, सपाट रस्त्यावर गाडी काढली. वेग साठाच्या आसपास असताना ब्रेक हलका दाबला. पेडलबरोबर स्टिअरिंगही हललं. स्टिअरिंग हललं तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. ते शांत राहून नुसती सीट हादरली, तर मागे बघायचं. मग वेग वीस-पंचवीसवर आणून, हँडब्रेकचं बटण दाबून धरत तो हळूहळू ओढला. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. धक्के आले नाहीत, म्हणजे मागचे ड्रम ठीक होते.

एक लक्षात ठेवा. एबीएस असलेल्या गाडीत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडल भराभर थडथडतं. तो दोष नव्हे, तेव्हा पाय उचलायचा नाही. आमच्या जुन्या गाडीत एबीएस नाहीच. आणि पेडल खोल जात असेल किंवा ब्रेक ऑइल गळत असेल, तर अशा चाचण्या करत बसू नका, गाडी जागेवरच ठेवा.

एवढी माहिती घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनी, डिस्क बदलूची घाई करू नकात. आधी चाक काढून बघूया."

चाकाचे नट सोडवताना पहिला उलगडा झाला. दोन नट सुटता सुटेनात, बाकीचे सहज फिरले. मागे पंक्चर काढलं तेव्हा ते मशीनने कसेही आवळले गेले होते. दुसरा उलगडा आतमध्ये. आपल्या खाऱ्या हवेने डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंजाचे पापुद्रे धरले होते. त्यामुळे डिस्क सरळ बसतच नव्हती.

जात्याची वरची तळी नीट बसली नाही, तर प्रत्येक फेरीला खुंटा एकाच जागी अडतो ना? तसंच हे. केसभर तिरकी बसलेली डिस्क दर फेरीला पॅडला एकाच ठिकाणी घासते. हजारो किलोमीटरनंतर तिथे ती पातळ होते. मग ब्रेक दाबला की जाड-पातळ भाग आळीपाळीने पॅडला मागेपुढे हलवतात आणि तो धक्का ब्रेक ऑइलमधून थेट आपल्या पायापर्यंत येतो. लोक म्हणतात "डिस्क वाकडी झाली". बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सारखी राहिलेली नसते. म्हणूनच नुसते पॅड बदलून उपयोग झाला नव्हता.

त्याने हब तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केला आणि डिस्कची जाडी मोजली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. आमच्या डिस्क त्यापेक्षा पुरेशा जाड होत्या, म्हणून दोन्ही लेथवर फिरवून सारख्या केल्या. पातळ असत्या, तर जोडीने बदलाव्या लागल्या असत्या. शेवटी नट समोरासमोरचे घेत, टॉर्क पान्याने सारखे आवळले.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन पुन्हा फोंडा घाट उतरले. पेडल शांत होतं. तरी दर वळणावर माझं लक्ष पायाकडेच होतं. आपल्याकडे प्रमाद हे हिंसेचं मूळ मानतात. मी तो शब्द स्वयंपाकघरापुरता ठेवला होता: पाणी गाळणं, धान्य निवडणं. पंधरा दिवस ब्रेक सांगत होता आणि मी ऐकत नव्हते, तो प्रमादच होता.

आता पंक्चर काढलं की घरी येऊन नट मी स्वतः पान्याने तपासते. सासूबाई शेजारी उभ्या राहून मोजतात.