मनमाडचे रविवार

मनमाडला माणसे उतरतात ती गाडी बदलायला. मी मात्र बदली होऊन उतरलो! पहिले चार रविवार फलाटावर बसून पुण्याकडच्या गाड्या मोजल्या आणि परत बदलीचा अर्ज लिहून खिशात ठेवला. पाचव्या रविवारी शेजारचे अण्णा म्हणाले, "साहेब, अंकाई पाहिलीत का? चला, पोरांनाही घ्या."

अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले, मध्ये खिंड. टंकाईच्या पायथ्याला जैन लेणी. खांबांवरची नक्षी पाहून आमची मंडळी पैठणीच विसरली, म्हणजे तासभर तरी! अंकाई १६३५ साली शहाजहानच्या फौजेने घेतली. आम्हांला भाकरी-ठेच्याच्या बळावर माथ्यावरचे अगस्ती ऋषींचे स्थान गाठता गाठता दुपार झाली. समोर हडबीची शेंडी उभी होती, थेट मला ठेंगा दाखवीत.

पुढच्या रविवारी गुरुद्वारात लंगरच्या पंगतीला बसलो. मग चांदवडची रेणुका झाली.

संक्रांतीला अण्णांनी येवल्याला नेले. तिथे तीन दिवस सारे गाव गच्च्यांवर. हलगीचा कडकडाट चाललेला, आकाश पतंगांनी भरलेले. धाकटीचा पतंग सारखा गिरक्या घेई. "बाबा, शेपटीला कागद द्या ना!"

खिसे चाचपले. तो अर्जच तेवढा हाती लागला.