शेवटचे दोन शब्द

नोकरीच्या सुरुवातीची बरीच वर्षं जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' मी एका तक्त्यावर शिकवलं. डावीकडे नेपोलियन नावाचं डुक्कर, उजवीकडे स्टालिन. स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, बॉक्सर म्हणजे राबणारा कामगार, फ्रेडरिक म्हणजे हिटलर. तक्ता चुकीचा नव्हता. १९१७ ची क्रांती, नंतरची सत्तेची झोंबाझोंबी, १९३९ चा जर्मनीशी करार, सगळं त्या कादंबरीत आहेच. मुलं तक्ता पाठ करत आणि मार्क मिळवत. व्याकरणाचा तास वेगळा असे. त्यात प्रिपोझिशन्स म्हणजे गाळलेल्या जागा भरा.

एका चाचणीत एका विद्यार्थिनीनं लिहिलं की डुकरांनी कायदा मोडलाच नाही, प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी दोन शब्द लावले. उत्तरात स्टालिन नव्हता, रशियाही नव्हता. मी दहापैकी तीन मार्क दिले आणि समासात लाल शाईनं 'विषय सोडून' असा शेरा मारला. पुढच्या परीक्षेत तिनं माझा तक्ता जसाच्या तसा उतरवला. त्याला मी भरघोस मार्क दिले. वर्गात मात्र तिनं पुन्हा कधी हात वर केला नाही.

तिचं म्हणणं मला कळायला फार उशीर झाला. सहाव्या प्रकरणात डुकरं मालकाच्या घरात जाऊन पलंगावर झोपू लागतात. याला मनाई होती, असं क्लोव्हर घोडीला पक्कं आठवतं. पण तिला सुटी अक्षरं तेवढी ओळखता येतात, शब्द लागत नाही. म्हणून ती म्युरिएल शेळीला प्राण्यांच्या सात आज्ञा लिहिलेल्या कोठाराच्या भिंतीपाशी आणून चौथी आज्ञा वाचायला लावते. आज्ञेच्या शेपटाला आता 'विथ शीट्स' जोडलेलं असतं. पलंग चालेल, चादरी नकोत. पुढे हत्येच्या आज्ञेला 'विदाउट कॉज' लागतं, दारूच्या आज्ञेला 'टू एक्सेस'. तिन्ही ठिकाणी एक प्रिपोझिशन आणि एक नाम. कर्ता, क्रियापद, नकार सगळं जागच्या जागी राहतं आणि बंदी तेवढी निघून जाते. रूपक इथे वाक्यरचनेतच आहे, आणि ते मी शिकवलंच नव्हतं. ज्याला वाचता येत नाही त्याला कसं लुबाडतात, हे त्या मुलीनं कुणी न सांगता ओळखलं होतं.

ऑर्वेल स्वतः या बाबतीत किती काटेकोर होता! मार्च १९४५ मध्ये, पुस्तक छापून येण्याआधी, त्यानं पॅरिसहून प्रकाशकाला एक दुरुस्ती कळवली. पवनचक्की सुरुंगानं उडते तेव्हा नेपोलियनसह सारे प्राणी जमिनीवर आडवे पडतात, असं त्यानं आधी लिहिलं होतं. ते 'नेपोलियन वगळता' करा, असं त्यानं सांगितलं. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्कोतच थांबला होता. तेवढा न्याय त्याला मिळायला हवा, असं ऑर्वेलचं म्हणणं. ज्या माणसावर अख्खं पुस्तक रोखलेलं, त्याच्यासाठीही त्यानं एक शब्द तपासून बदलला. मी माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर दुसऱ्यांदा वाचलंही नव्हतं.

तक्ता मी पुढेही दिला, पण पुस्तक संपल्यावर. तुमच्या घरी कुणी ही कादंबरी वाचत असेल तर त्याला दुसऱ्या प्रकरणातल्या सात आज्ञा वहीत उतरवून घ्यायला सांगा. मग सहावं आणि आठवं प्रकरण त्या वहीशी ताडून वाचू द्या. स्टालिन कोण, ते नंतर सांगितलं तरी चालेल.