सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने

घरातील सहलीचा बेत पक्का होऊ लागला की दोन नावे हळूच गळतात : आजोबांचे आणि कुत्र्याचे. ‘तुम्हाला एवढे चालवणार नाही, शिवाय याच्याजवळ कोणीतरी हवेच,’ असे प्रेमानेच सांगितले जाते. मुलामुलींकडे ब्रिटनला काही महिने राहावयास गेलेल्या मराठी आईवडिलांना हे वाक्य अपरिचित नसेल. आपण त्यांच्यापैकी असाल, अथवा त्यांची काळजी वाहत असाल, तर एका प्रवासाचा विचार अवश्य करा : कॅम्परव्हॅनने, कुत्र्यासह, उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीकडे.

रोमन सम्राट हेड्रियन याच्या आज्ञेने इ. स. १२२ मध्ये हे बांधकाम सुरू झाले. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ही भिंत सुमारे ११७ किलोमीटर पसरली होती. आज भिंतीचे तुकडे, लष्करी ठाण्यांचे पाये आणि भोवती मेंढ्यांची कुरणे एवढेच उरले आहे.

कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचे लहानसे घर. बिछाना, चहापुरती शेगडी, औषधांसाठी छोटा फ्रिज आणि अनेक गाड्यांत शौचाचीही सोय. उतारवयात भीती अंतराची नसते. वेळेवर शौचालय सापडेल की नाही, याची असते. म्हणून गाडी भाड्याने घेताना ही सोय, पायरीची उंची आणि धरावयास दांडा, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण ते गोठणार नाही याची दक्षता घ्यावी. गाडी चालू असताना बिछान्यावर पडून राहू नये. आसनावर पट्टा लावूनच बसावे. कुत्र्यालाही सुरक्षित बांधावे.

कुत्र्याला दर दीड-दोन तासांनी खाली उतरवावे लागते, पाणी द्यावे लागते, चार पावले फिरवावे लागते. आखडलेल्या गुडघ्यांना आणि सुजणाऱ्या पावलांना नेमके हेच हवे असते! ज्याला आपण अडचण समजत होतो, तोच प्रवासाची गती सर्वांना सोसेल अशी ठेवतो. मात्र ओढणाऱ्या कुत्र्याचा पट्टा ज्येष्ठांच्या हाती देऊ नये. रात्री त्याला वाटेत झोपू देऊ नये आणि मंद दिवा चालू ठेवावा. अंधारात त्याला अडखळून पडण्याचा धोका खरा आहे. बंद गाडीत त्याला एकटे सोडू नये. मेंढ्यांच्या कुरणांतून जाताना पट्टा कधीही काढू नये, आणि प्रत्येक स्थळी कुत्र्यांविषयीचा नियम आधी विचारून घ्यावा.

आरंभ चेस्टर्सपासून करावा. नॉर्थ टाइन नदीकाठी रोमन सैनिकांच्या स्नानगृहाच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. थंड, कोमट आणि उष्ण अशा निरनिराळ्या दालनांतून ते स्नान चाले. हाउसस्टेड्सचे ठाणे त्याहून अवघड. तेथे पायथ्यापासून सुमारे ८०० मीटर चढ आहे. वर धान्याचे कोठार, रुग्णालय मानली गेलेली इमारत आणि वाहत्या पाण्यावरचे सामुदायिक शौचालय यांचे अवशेष दिसतात. आपल्याला जी चिंता प्रवासात सतावते, तिची तरतूद त्या सैन्याने दगडात करून ठेवली होती! गाडी अधिक जवळ नेता येते का, हे आगाऊ विचारावे. दम लागत असेल तर खाली थांबण्यात कमीपणा नाही. मात्र सोबतीला घरातील एखादे माणूस थांबावे, केवळ कुत्रा नव्हे.

जवळच्या विंडोलांडा येथे लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली रोमन पत्रे सापडली आहेत. त्यांत भिंतीपूर्वीच्या काळातील एका पलटणीची हजेरी आहे. एकूण ७५२ सैनिक. त्यांपैकी ३१ कामास असमर्थ. १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. सीमेवरच्या त्या कठोर छावणीतही अशक्तांची संख्या वेगळी मोजली जात होती. पलटणीच्या संख्येतून त्यांना कोणी वगळले नव्हते.

आपल्या घरातील पुढच्या सहलीची यादी करताना एवढे ध्यानात असू द्यावे. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची औषधाची वेळ कोणती, कोणाला किती वेळाने उतरावे लागते, हे प्रथम लिहावे. मग त्यानुसार दिवसाचे अंतर ठरवावे. त्या यादीत कुत्र्याचेही नाव असावे.