उन्हाळी

बदलापूरकडे लोक येतात ते पावसाळ्यात, हिरवळ पाहायला. मला हा मुलूख खरा दिसतो तो डिसेंबरनंतर. धबधबे आटलेले, गवत वाळलेलं, उतारावरचा मुरूम दुपारी तापून उठलेला. अशा वेळी गुडघ्याएवढं एक झुडूप त्या मुरमात हिरवं उभं असतं. त्याचं नाव उन्हाळी, वैद्यांची शरपुंखा. लिनियसनं 1753 मध्येच तिची शास्त्रीय नोंद केली, तरी अंबरनाथच्या पडीक माळावरून किंवा उल्हासनगरच्या रुळांलगत रोज जाणाऱ्यांना ती ओळखीची नसते.

उन्हाळी शेंगवर्गातली, तूर, हरभरा, पळस हे तिचे सगेसोयरे. एका देठावर पर्णिकांच्या समोरासमोर जोड्या आणि टोकाला एकटी पर्णिका. त्यातली एक घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरून ओढा. ती सरळ आडवी तुटतच नाही; तुटलेल्या कडेला बाणाच्या पिसाऱ्यासारखा कोन येतो. कारण शिरांमध्ये आहे. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक शिरा तिरप्या, समांतर आणि दाटीनं गेलेल्या असतात; ताण बसला की पान त्यांच्या मधूनच फाटतं. याहून सोपी खूण मला ठाऊक नाही.

फुलं जांभळट-गुलाबी, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची, पण इवलीशी. शेंगा चपट्या, किंचित वाकलेल्या. बियांचं कवच इतकं टणक की ते झिजल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. म्हणून सगळं बी एकाच पावसाला रुजत नाही. काही पुढच्या सालासाठी मातीत शिल्लक राहतं.

पण खरी श्रीमंती जमिनीखाली. सोटमूळ मुरमात खोल उतरतं आणि मुळांवर बारीक गाठी धरतात. गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पचेल अशा रूपात आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. काम करणारी गाठ कापली तर आतून गुलाबी दिसते. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या एका प्रथिनाचा. टेकडीवरच्या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या झुडपात हे असावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. उन्हाळी हिरवळीचं खत म्हणून शेतात गाडतात, तेही या नायट्रोजनसाठीच.

आपण मात्र टेकड्या हिरव्या करायला निघतो तेव्हा आधी हीच झुडपं उपटून जागा साफ करतो. हिवाळा सरला की वणवे पेटतात, त्यात उरलीसुरली जळतात. मग उघड्या मुरमात विकतची रोपं लावतो आणि माती निकस म्हणून तक्रार करतो. पुढच्या पावसाळ्यात खड्डे खणायला जाल, तेव्हा तेवढा खड्डा खणा आणि भोवतीची उन्हाळी राहू द्या.