लेकीसाठी ठेवलेलं सोनं

जुलै महिना होता, २०२५ सालचा. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले होते. साताऱ्यातल्या एका साध्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी कागद पसरले होते. बारावी आणि सीईटी झालेल्या लेकीचा पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला नंबर लागला होता. पेढे आणून देवापुढे ठेवले होते. पण पुडा सोडण्याआधी बाबांनी चष्मा लावला आणि फीचा तक्ता वाचायला घेतला.

वर्षाची फी एक लाख साठ हजार. वसतिगृह आणि मेस मिळून आणखी एक लाख. म्हणजे चार वर्षांचे दहा लाख चाळीस हजार! लॅपटॉप, पुस्तकं, येणं-जाणं वेगळंच. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मुलींसाठी चांगली सवलत आणली आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ होते. बाबांचं उत्पन्न आठ लाख चाळीस हजार. चाळीस हजारांनी सवलत हुकली. श्रीमंतांच्या यादीत नाव नाही आणि गरजूंच्या यादीतही नाही, ही मध्यमवर्गाची जुनीच जागा.

त्यात आणखी एक गोष्ट होती. लेकीची पदवी हातात पडेल २०२९ साली. आणि त्याच वर्षी बाबा अठ्ठावन्न पूर्ण करून कारखान्यातून निवृत्त होणार होते.

आई काही बोलली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि लोखंडी कपाटातून लाल कापडात गुंडाळलेली डबी घेऊन आली. डबीत चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. लेक जन्मली तेव्हापासून सराफाकडे महिन्याला थोडे थोडे भरून, एकेक तोळा साठवून त्या केल्या होत्या. आईने त्या एकदाही हातात घातल्या नव्हत्या.

''अहो, सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलंय. या मोडू या,'' ती म्हणाली.

''अगं, त्या तिच्या लग्नासाठी आहेत. फीचं बघतो मी काहीतरी,'' बाबा म्हणाले. आणि टेबलाभोवती सगळेच गप्प झाले.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांना ही शांतता ओळखीची होती.

आजोबांच्या काळी फीचा प्रश्नच वेगळा होता. १९५८ साली ते कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून साताऱ्याला आले, तेव्हा खिशात एसटीच्या परतीच्या भाड्याएवढेही पैसे नव्हते. पण साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली सुरू केलेलं. तिथे 'कमवा आणि शिका' ही योजना होती. सकाळी शेतात खुरपणी करायची, कधी बांधकामावर दगडमाती वाहायची, मग अंघोळ करून वर्गात बसायचं. हाताला घट्टे पडले, पण पदवी मिळाली. पुढे माध्यमिक शाळेत मास्तरकी, महिन्याचा पगार, म्हातारपणी पेन्शन. त्या पिढीचं समृद्धीचं स्वप्न एवढंच होतं. कुणापुढे हात पसरावा लागू नये आणि महिनाअखेर दुकानदाराची उधारी राहू नये.

कॉलेजातली जुनी माणसं या मुलांना एक गोष्ट नेहमी सांगत. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाची अडचण झाली, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. लक्ष्मीबाई १९३० सालीच गेल्या होत्या. आजोबांनी त्यांना पाहिलं नव्हतं. पण ज्या संस्थेच्या अन्नावर आपण शिकलो, तिच्या मुळाशी एका बाईचं सोनं आहे, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

बाबांच्या पिढीपर्यंत चित्र पालटलं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या. ज्यांना पूर्वी कर्नाटकात जावं लागे, त्यांना इथेच प्रवेश मिळू लागला. पण त्याबरोबर 'डोनेशन' हा शब्द घराघरांत शिरला. १९८७ साली राज्यात कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा झाला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी व्यवस्था घालून दिली. एकूण काय, आधी संस्था आणि सरकार जो भार उचलत होते, तो हळूहळू घराच्या खांद्यावर आला.

बाबा त्या भानगडीत पडले नाहीत. १९८७ साली दहावी झाले आणि सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमाला गेले. १९९० साली औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. साताऱ्यातच तयार होणारी 'प्रिया' स्कूटर त्यांनी सेकंडहँड घेतली. मग रंगीत टीव्ही आला, फ्रिज आला, कर्ज काढून दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं. त्यांच्या पिढीची समृद्धी अशी डोळ्यांना दिसणारी होती. आणि तिला शेवट होता. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरला, त्या दिवशी बाबांनी घरी श्रीखंड आणलं होतं. आता आयुष्यात कर्ज नको, असं ते तेव्हा म्हणाले होते.

पण या घराच्या हिशेबात एक पान कुणी उघडत नसे. ते होतं आत्याचं.

बाबा दहावी झाले त्याच वर्षी, म्हणजे १९८७ साली, त्यांची थोरली बहीण बारावी झाली होती. गणितात तिला भावापेक्षा कितीतरी चांगले गुण. कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात नंबर लागेल एवढी टक्केवारी होती. तिथली फी वर्षाला काही शेकड्यांत होती. फी परवडत नव्हती असं नाहीच. पण मुलगी एकटी वसतिगृहात कशी राहणार, इतकी शिकली तर तेवढा शिकलेला नवरा कुठून आणायचा, असे प्रश्न निघाले. अर्ज आणलाच गेला नाही. १९८९ साली तिचं लग्न झालं. सोनं तेव्हा तोळ्याला तीन हजारांच्या आसपास होतं. तिलाही चार तोळ्यांच्या पाटल्या घातल्या. त्या पाटल्यांच्या पैशांत कराडची चार वर्षं बहुतेक निघाली असती. हा हिशेब त्या वेळी घरात कुणी केला नाही. मास्तर असलेल्या आजोबांनीही नाही.

शिक्षण स्वस्त होतं, तेव्हा त्या स्वप्नात लेकीला जागा नव्हती. आज लेकीला जागा आहे, तर शिक्षण महाग झालं आहे. कितीतरी मराठी घरांची कहाणी या दोन वाक्यांत येते.

रविवारी आत्या कराडहून आली. टेबलावरचे कागद आणि लाल कापड पाहून तिच्या सगळं लक्षात आलं.

''वन्सं, तुम्हीच सांगा यांना. मी मोडायच्या म्हणतेय, हे नको म्हणतात,'' आई म्हणाली.

आत्याने पाटल्या हातात घेऊन पाहिल्या. मग शांतपणे म्हणाली, ''माझ्या पाटल्या छत्तीस वर्षं लॉकरमध्ये आहेत. लग्नकार्यात घालते, पुन्हा ठेवते. त्यांचं मला वाईट वाटत नाही. पण त्यांच्याऐवजी दुसरं काही हवं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. हिला तरी विचारा.''

आजोबांनी मान खाली घातली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने आजोबा म्हणाले, ''तुझं चुकलं नव्हतं, पोरी. माझं चुकलं.'' अडतीस वर्षांनी का होईना, ते शब्द त्या घरात उच्चारले गेले.

मग लेकीला विचारलं. ती म्हणाली, ''पाटल्या मोडू नका आणि बाबांचा फंडही सगळा काढू नका. शैक्षणिक कर्ज माझ्या नावावर घेऊ या. मी फेडीन.''

कर्ज म्हटल्यावर बाबा दचकले. पण आजोबांमधला गणिताचा मास्तर जागा झाला. त्यांनी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे हिशेब मांडला. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका घर किंवा जमीन तारण मागत नाहीत, पालकाने सहकर्जदार व्हायचं असतं. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते. पण हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही, हे आजोबांनी ठळक अक्षरांत लिहिलं. साडेसात लाख चार सारख्या हप्त्यांत उचलले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, तर परतफेड सुरू होईपर्यंत पावणेतीन लाख व्याज साठतं. कर्ज सव्वादहा लाखांचं होतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे तेरा हजार आठशे.

''हा आकडा पाठ कर,'' आजोबा नातीला म्हणाले. ''पहिला पगार हातात पडला की आधी हा, मग बाकीचं.''

''आणि शिकत असताना वर्षाचं व्याज वर्षाला आपण भरत राहिलो तर?'' लेकीने विचारलं.

''तर कर्ज साडेसात लाखांवरच राहील आणि हप्ता दहा हजारांच्या जवळपास येईल.''

बाबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. व्याज आणि वरचे दोन लाख नव्वद हजार त्यांचे, मुद्दल लेकीचं. कर्जाने सुरू होणारी समृद्धी बाबांना अजून परकी वाटत होती. पण लेकीला काय हवं होतं, तेही त्यांना हळूहळू कळत होतं. तिच्या बोलण्यात गाडी आणि घर कुठेच नव्हतं. आपल्या आवडीचं काम निवडता यावं आणि लग्न करायचं तर कधी, कुणाशी, हे ठरवायला पायाखाली स्वतःची जमीन असावी, एवढंच ती मागत होती.

एक अडचण उरली. फी चार दिवसांत भरायची होती आणि कर्ज मंजूर व्हायला काही आठवडे लागणार होते. तिथे पाटल्या कामाला आल्या. आईने त्या मोडल्या नाहीत, बँकेत सोनेतारण ठेवल्या. एका दुपारी पैसे खात्यात आले आणि दुसऱ्या दिवशी प्रवेश पक्का झाला. देवापुढचा पेढ्यांचा पुडा त्या संध्याकाळी फुटला.

ऑक्टोबरात शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. भरलेल्या फीची पावती दाखवून पहिला हप्ता मिळाला, त्यातून सोनेतारण फिटलं आणि दिवाळीच्या आधी पाटल्या घरी आल्या.

भाऊबीजेला आत्या आली. लेकही पुण्याहून सुट्टीला आली होती. आई फराळाची ताटं घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत त्या पाटल्या होत्या.

''अगं, या लग्नासाठी ठेवल्या होत्यास ना?'' बाबांनी विचारलं.

''त्यांचं काम त्यांनी केलं,'' आई म्हणाली आणि आत्यापुढे चिवड्याची वाटी ठेवली.