मांजा

लाल टोपी घालून आजीकडे निघालेल्या मुलीची कथा ग्रिमबंधूंच्या संग्रहात ‘रोटकेप्शन’ या नावाने आहे. लोककथेच्या तासाला ती मी दरवर्षी सांगतो. हेच नाव एका क्षेपणास्त्रालाही दिले गेले होते, हे मात्र वर्गात सांगायला अजून जीभ रेटलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत माक्स क्रामर यांनी एक्स-७ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र रचले. त्याचेच हे टोपणनाव. रेडिओने चालणाऱ्या जर्मन अस्त्रांचे संदेश शत्रू बिघडवू लागला होता. तारेतला संदेश तसा बिघडवता येत नाही. म्हणून उडता उडता मागे बारीक तार उलगडत जाणारे हे अस्त्र. युद्ध संपले तरी कल्पना उरली. फ्रान्सचे एसएस-१० १९५५ साली सैन्यात दाखल झाले, आणि पुढे सोव्हिएत संघाने असेच एक अस्त्र घडवून त्याला नाव दिले ‘माल्युत्का’, म्हणजे छोटुकले. मारणाऱ्या वस्तूंना बालवाडीतली नावे कोण देत असेल? भाषेच्या अभ्यासकाने खरे तर इथे थबकायला हवे.

माझे मामा सैन्यात होते, आणि फ्रेंच परवान्याने हैदराबादेत बनणारे एसएस-११ त्यांनी हाताळले होते. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना एकदा त्यांनी मला ते समजावले. फरक एवढाच, की इथे फिरकी आपल्या हाती असते, तिथे ती पतंगाच्याच पोटात. शेपटाचा जाळ आणि रणगाडा एका रेषेत ठेवत बोटांनी दांडी हलवत राहायची. माल्युत्काला तीन किलोमीटर जायला सुमारे पंचवीस सेकंद लागत. तोवर ज्यांना मारायचे त्यांच्याकडे बघत राहणे, हेच काम.

ऑक्टोबर १९७३ मध्ये सिनाईच्या वाळूत इजिप्तच्या पायदळाने हेच केले. इस्रायली रणगाडे एकामागून एक पेटले. मग त्यांच्या चालकदलांनी उपाय शोधला: क्षेपणास्त्राच्या नादी न लागता, ते जिथून सुटले त्या वाळूवर गोळीबार करायचा. दांडीवरचा माणूस क्षणभर दचकला तरी पुरे.

“मग तुम्ही काय करायचं?” मी विचारले.

मामांची नजर पतंगावरच होती. “मान खाली घालायची नाही,” ते म्हणाले, आणि ढील देत राहिले.