निघण्यापूर्वीची पाच मिनिटे

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या उतारावर आम्ही मोटारसायकलचा मागचा ब्रेक दाबला. पायपट्टी पार खाली गेली. वेग मात्र तसाच राहिला. मागे पत्नी बसली होती. पुढच्या ब्रेकने आणि खालच्या गिअरने कसेबसे सावरलो. थांबून पाहिले, तर मागच्या चाकाजवळचा ब्रेकच्या सळईचा नट गळून पडला होता.

तो काही एका दिवसात सैल झाला नसणार. विद्यार्थ्यांना 'संहिता शब्दशः वाचा' असे वर्षानुवर्षे बजावणारे आम्ही स्वतःची गाडी मात्र न वाचताच चालवत होतो. सवयीची वस्तू दिसेनाशी होते, हेच खरे.

तेव्हापासून निघण्यापूर्वी पाच मिनिटे गाडीभोवती फिरतो. टायर थंड असतानाच हवा तपासतो. तापल्यावर दाब वाढलेला दिसतो. चेन मधोमध बोटाने उचलून तिचा ताण जोखतो. गाडी ढकलत दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून बघतो. मागचा दिवा लागतो की नाही, ते भिंतीवरच्या लाल उजेडावरून कळते.

"झाली का प्रदक्षिणा?" पत्नी थट्टेने विचारते. उतारावर तिने आमचा खांदा किती घट्ट धरला होता, ते आठवते. नटाला पुन्हा एकदा हात लावतो आणि मगच किक मारतो.